उरलेल्या ट्यूबचं मलम: करडईचा काटा, कुत्र्याचा डोळा आणि मांजरीचं पिल्लू

लातूर जिल्ह्यातल्या शेतावरचा एक आखाडा. गावापासून अडीच किलोमीटर आत, पत्र्याचं शेड, समोर कडब्याची गंजी, पलीकडे करडईचं रान. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, काढणी चालू. राखणीला गावरान कुत्रा वाघ्या, वय ३ वर्षं, वजन १८ किलो. गंजीच्या आडोशाला व्यालेली मांजर आणि तिचं जगलेलं एकच पिल्लू, वय साधारण ७ आठवडे, वजन ७०० ग्रॅम. एकाच आठवड्यात या दोघांच्या डोळ्यांत एकाच ट्यूबचं मलम गेलं. कुत्र्याचा डोळा फुटायच्या बेतात आला आणि पिल्लाचं दुखणं वाढण्याच्या वाटेवर होतं.

मराठवाड्यातल्या दवाखान्यांत उन्हाळ्याच्या तोंडावर जे पुन्हा पुन्हा समोर येतं ते एकत्र ओवून हे प्रकरण मांडलं आहे. घर किंवा गाव ओळखू येईल असं त्यात काही ठेवलेलं नाही.

काय झालं

करडई ज्यांनी काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पीक वाळलं की पानांच्या कडेचे आणि बोंडाभोवतीचे काटे सुईसारखे कडक होतात. म्हणून काढणी पहाटे करतात. दवाने काटे मऊ पडलेले असतात, हाताला फडकं गुंडाळलं की भागतं. दुपारी तेच काटे कडाकड मोडतात. वाघ्या दुपारीच उंदरामागे कापलेल्या पेंढ्यांत घुसला होता. संध्याकाळी त्याचा उजवा डोळा अर्धवट मिटलेला आणि पाणी गळत असलेला दिसला.

दुसऱ्या दिवशी डोळा पूर्ण मिटला, कोपऱ्यात पिवळी चिपडं साचली. शेजारच्या एकाने बैलाच्या डोळ्यात फूल (पांढरट डाग) पडल्यावर करतात तशी तंबाखूची चूळ मारायला सांगितलं. घरच्यांनी ते केलं नाही, हे फार बरं झालं. त्यांनी केलं ते मात्र दिसायला अगदी शहाणपणाचं होतं. घरातल्या आजोबांचं ३ महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्याची अर्धी ट्यूब फडताळात होती. डोळ्याचंच मलम, डॉक्टरांनीच दिलेलं, मुदतही शिल्लक. दिवसातून ३ वेळा सुरू केलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाली उतरली, डोळा अर्धा उघडला. सगळ्यांना हायसं वाटलं. त्याच भरात, शिंकणाऱ्या आणि दोन्ही डोळे चिकटलेल्या पिल्लालाही तेच मलम लावलं गेलं. पाचव्या दिवशी वाघ्याच्या डोळ्याच्या काचेवर निळसर पांढरी झाक आली. सहाव्या दिवशी डोळा पुन्हा गच्च मिटला, कडेला पेजेसारखं काहीतरी दिसू लागलं, आणि कुत्र्याने भाकरीला तोंड लावलं नाही. सातव्या दिवशी सकाळी त्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणलं.

"मलम लावल्यावर दोन दिवस बरं होतं की, साहेब," हे मालकाचं पहिलं वाक्य. निदानाचा अर्धा भाग त्या वाक्यातच होता.

दोन दिवस बरं का वाटलं

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. क्लोराम्फेनिकॉल १ टक्का आणि डेक्सामेथासोन ०.१ टक्का. पहिलं प्रतिजैविक, दुसरं स्टिरॉइड. मोतीबिंदूनंतर आतली सूज दाबायला हे मिश्रण योग्यच आहे. आजोबांना ते बरोबर दिलं होतं.

कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच. कुत्र्यात तिची जाडी जेमतेम ०.६ मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती पारदर्शक राहते, आणि म्हणूनच जखम झाली की मदत उशिरा पोचते. वरचा पातळ थर खरवडला गेला तर शेजारच्या पेशी सरकत येऊन तो झाकतात. साधी वरवरची जखम ५ ते ७ दिवसांत अशीच भरते. स्टिरॉइड या सरकणाऱ्या पेशींना थोपवतं, जंतूंशी लढणाऱ्या पेशींना गप्प करतं आणि कॉर्नियाचं मुख्य द्रव्य असलेलं कोलॅजन विरघळवणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) मोकळं रान देतं. लाली मात्र झटपट उतरवतं. त्यामुळे बाहेरून डोळा शांत दिसतो आणि आतून काच विरघळत असते. पशुवैद्यक याला 'मेल्टिंग अल्सर' म्हणतात. कड मऊ पडते, जिलेटिनसारखी लोंबते. चांगला दिसणारा डोळा एका दिवसात फुटू शकतो.

म्हणून ट्यूब कुणाचीही असो, नाव काहीही असो, घटकांत 'सोन' किंवा 'लोन' असा शेवट आहे का ते बघायचं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, ही सगळी स्टिरॉइड. ब्रँडच्या नावापुढे 'डी', 'डीएक्स', 'डेक्स' असं शेपूट असेल तर संशय धरायचा. दुकानात नुसतं "डोळ्याचं मलम द्या" म्हटलं की बरेचदा हेच मिश्रण हातात येतं, कारण माणसाच्या लाल डोळ्याला ते लवकर गुण देतं.

तपासणी: क्रम चुकला तर उत्तर चुकतं

डोळा दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो. आधी सुती पट्टीने तोंड बांधलं: नाकाडावर एक वेढा, हनुवटीखाली गाठ, टोकं कानामागे नेऊन दुसरी गाठ. वाघ्याची रेबीजची लस झालेली होती, ते कार्डवर पाहूनच हात लावला. कुत्रा चावलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, यात सूट नाही.

डोळ्यात कोणताही थेंब घालण्याआधी अश्रूंची पट्टी लावायची. शिर्मर चाचणीची कागदी पट्टी खालच्या पापणीत अडकवून १ मिनिट थांबायचं. कुत्र्यात १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर अश्रू पुरेसे, १० च्या खाली गेली तर डोळा कोरडा. वाघ्याची उजवीकडे २४, डावीकडे १८. दुखऱ्या डोळ्यात पाणी जास्त येणारच. कोरडेपणा कारण नाही, एवढं कळलं. हीच चाचणी भूल देणाऱ्या थेंबानंतर केली तर आकडा खोटा येतो.

मग जखमेच्या कडेवरून अगदी हलक्या हाताने कापसाच्या काडीने नमुना घेऊन काचपट्टीवर पसरला. औषध पडण्याआधीच घ्यायचा, नाहीतर जंतू सापडत नाहीत. जंतू ओळखायच्या ग्रॅम रंगात लाल काड्या दिसल्या. काडीसारखे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू आणि वितळणारी कॉर्निया एकत्र दिसली की पहिला संशय स्यूडोमोनास या जंतूवर जातो.

त्यानंतर फ्लुओरेसिनची केशरी पट्टी. सलाइनच्या एका थेंबाने ओली करून पापणीच्या आतल्या गुलाबी त्वचेला टेकवली, कॉर्नियाला नाही. पापणी दोन-तीनदा मिटू दिली, जादा रंग सलाइनने धुतला, खोली अंधारली आणि निळा प्रकाश टाकला. धड असलेल्या कॉर्नियावर हा रंग बसत नाही. वरचा थर गेलेला असेल तिथे हिरवागार डाग उमटतो. वाघ्याच्या डोळ्यात नाकाकडच्या खालच्या भागात ५ मिलिमीटरचा डाग उमटला, कड धूसर, मधला भागही हिरवा. जखम कॉर्नियाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल. मधला भाग काळा आणि भोवती फक्त हिरवं कडं दिसलं असतं तर कॉर्नियाचा सगळ्यात आतला, शेवटचा पडदाच उरला आहे असा अर्थ झाला असता, कारण त्या पडद्यावर रंग बसत नाही. नवख्या नजरेला ते "मधे बरं आहे" असं वाटतं. प्रत्यक्षात ती सगळ्यात वाईट खूण.

जखमेची जागा बोलते. मधोमध असेल तर कोरडेपणा किंवा थेट मार. वरच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर वरच्या पापणीखाली काहीतरी अडकलेलं. नाकाकडे खाली असेल तर तिसरी पापणी, म्हणजे डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातला पडदा, उचलून बघायची. प्रोपॅराकेन ०.५ टक्के या भुलीचे दोन थेंब घालून बोथट चिमट्याने तिसरी पापणी पुढे ओढली. मागे, चिपडांत लपलेलं, करडईच्या काट्याचं ४ मिलिमीटरचं टोक निघालं. डोळा मिटला की ते कॉर्नियावर घासत होतं. मिटल्याने दुखायचं आणि दुखतं म्हणून तो मिटायचा. हे टोक आत असेपर्यंत जगातलं कोणतंही मलम उपयोगाचं नव्हतं. (ऑक्टोबरनंतर कुसळी गवताची कुसळं अगदी याच जागी सापडतात, आणि सोयाबीनच्या मळणीत उडणारा भुसाही.)

भुलीचे हे थेंब घरी द्यायला मालक हमखास मागतात, कारण कुत्रा लगेच डोळा उघडतो. ते घरी कधीच द्यायचे नसतात. वारंवार घातले की कॉर्नियाचा वरचा थर मारतात.

बाहुली बारीक आकसलेली होती. कॉर्नियाच्या वेदनेने आतल्या स्नायूला पेटका येतो, त्याची ही खूण. डोळ्यातला दाब कमी-सामान्य होता. डोळ्यासमोर हात नेल्यावर वाघ्याने मान मागे घेतली, म्हणजे दिसत होतं.

दोन्ही डोळे एकदम लाल, अंगात ताप, कानात-बोटांत गोचीड असं असतं तर दिशाच बदलली असती. आपल्याकडे गोचीडतापात डोळ्याच्या आतल्या भागाला सूज येते, कधी आत रक्त उतरतं. नुसतं मलम घालत बसलं तर रोग आत वाढत राहतो. लस न झालेल्या कुत्र्याच्या दोन्ही डोळ्यांतून आणि नाकातून घट्ट पू, सोबत खोकला किंवा झटके, असं दिसलं तर डिस्टेंपर हा विषाणूचा रोग धरून चालायचं. कुत्र्यात 'नुसते डोळे आले' हे फार कमी वेळा खरं असतं. मागे काहीतरी असतं. मांजरात उलट, संसर्ग हाच बहुतेक वेळा मूळ रोग.

मलम थांबवलं, थेंब सुरू केले

मालकाला पटायला सगळ्यात जड गेलं ते हे, की या डोळ्यात आता कोणतंच मलम नको, प्रतिजैविकाचंही नाही. कारण मलमाच्या बैठकीत आहे. ते व्हॅसलीनसारख्या तेलकट पदार्थावर बनतं. खोल जखम फुटली आणि तो पदार्थ डोळ्याच्या आत शिरला तर तिथे निघत नाही आणि भयंकर सूज आणतो. जखम खोल असेल, काच वितळत असेल, छिद्र पडण्याची शक्यता असेल तर फक्त थेंब.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन ०.३ टक्के आणि टोब्रामायसिन ०.३ टक्के, दोन्ही दर २ तासांनी. पहिल्यानंतर ५ मिनिटं थांबून दुसरं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. पापणीच्या खोबणीत एका थेंबापुरतीच जागा असते, तीन-तीन थेंब घातले तर दोन गालावरून ओघळतात. त्यानंतर ५ मिनिटांनी वाघ्याच्याच रक्ताचं सीरम.

सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी. त्यात कोलॅजन विरघळवणाऱ्या विकरांना अडकवणारे घटक असतात. कसलंही मिश्रण नसलेल्या साध्या नळीत ८ मिली रक्त घेतलं, पाऊण तास गोठू दिलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून साडेतीन मिली सीरम निघालं. निर्जंतुक सिरिंजमध्ये अर्धा-अर्धा मिली भरून सुया काढल्या, टोपणं लावली. सीरम हे जंतूंचंही आवडतं खाद्य, म्हणून २ ते ८ अंशांतच ठेवायचं, उघडलेली सिरिंज २४ तासांत टाकायची, आठवड्याने सगळंच. आखाड्यावर फ्रीज नव्हता. साठा गावातल्या घरी ठेवला आणि रोज सकाळी एक सिरिंज बर्फ घातलेल्या थर्मासमधून आखाड्यावर जायची.

अ‍ॅट्रोपिन १ टक्का दिवसातून दोनदा, बाहुली उघडेपर्यंत, म्हणजे ३ दिवस, मग एकदा. स्नायूचा पेटका सुटला की निम्मं दुखणं जातं. याने बाहुली मोठी राहते आणि उन्हाचा त्रास होतो, म्हणून वाघ्याला शेडच्या आतल्या बाजूला बांधलं. काचबिंदू किंवा कोरडा डोळा असेल तर अ‍ॅट्रोपिन चालत नाही. आधी दाब आणि अश्रू मोजले ते याचसाठी. पोटातून मेलॉक्सिकॅम: पहिल्या दिवशी किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ३.६, नंतर ०.१ प्रमाणे १.८ मिलिग्रॅम रोज, पोटात भाकरी पडल्यावरच, तेही कुत्रा पाणी पितो आणि उलट्या नाहीत हे बघून. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. ती जंतूंवर चालतेच, शिवाय तीच विकरं रोखते. घरातली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन कुत्र्याला द्यायची नाही. पॅरासिटामॉल मांजराला तर एका गोळीत मारतं.

गळ्यातला कोन दवाखान्यात त्या मापाचा नव्हता. १० लिटरच्या प्लास्टिकच्या बादलीचं बूड कापून, कडेला जुन्या सायकल ट्यूबची पट्टी शिवून, चार भोकांतून दोरीने गळपट्ट्याला बांधली. कोनाची कड नाकाच्या पुढे ३-४ सेंटीमीटर यायला हवी. आखूड राहिला तर कुत्रा डोळा कडेवरच घासतो. पंजाचा एक ओरखडा आठ दिवसांची मेहनत घालवतो, म्हणून जेवतानाही कोन काढायचा नाही, थाळी उंचावर ठेवायची.

सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत ९ वेळा, आणि पहिल्या दोन रात्री १ आणि ४ वाजताही. सालगड्याच्या मुलीने शेडच्या भिंतीवर कोळशाने चौकटी आखल्या, प्रत्येक वेळेला एक रेघ. चौथ्या दिवशी दवाखान्यात विचारल्यावर तिने फोनवरचा फोटो दाखवला. एकच रेघ चुकलेली, पहाटे ४ ची. इतकं नेटाने झालं म्हणूनच डोळा वाचला, हे मुद्दाम लिहून ठेवायला हवं. ४८ तासांत कड घट्ट झाली नाही तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रियेसाठी न्यायचं, असं पहिल्याच दिवशी ठरवून ठेवलं होतं. गाडी कोणाची, पैसे कुठून, हेही तेव्हाच बोलून घेतलं.

तिसऱ्या दिवशी लोंबणारी कड गेली, डाग वाढलेला नव्हता. थेंब ४ तासांवर आले. सहाव्या दिवशी मालक घाबरून आला: पांढऱ्या भागातून लाल दोरे काचेवर चढतायत. ही आनंदाची खूण होती. कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात, पण गरज पडली की काही दिवसांनी कडेकडून त्या आत सरकतात, साधारण रोज १ मिलिमीटर, आणि भरणीचं सामान आणून टाकतात. "लाली वाढली" म्हणून याच टप्प्यावर कुणीतरी पुन्हा स्टिरॉइड सुरू करतं आणि सगळं मुसळ केरात जातं.

आठव्या दिवशी हिरवा डाग २ मिलिमीटर, उथळ, कड घट्ट. आता मलमाची वेळ आली. नुसतं प्रतिजैविक असलेलं क्लोराम्फेनिकॉल १ टक्का, स्टिरॉइडशिवाय, नवीन सीलबंद, दर ८ तासांनी. थेंब काही मिनिटांत वाहून जातो, मलम पापणीखाली बराच वेळ टिकतं, भरत आलेल्या जागेवर वंगणासारखं बसतं आणि रात्री कुणाला उठावं लागत नाही. लावणाऱ्याने हातमोजे घालायचे किंवा नंतर साबणाने हात धुवायचे. क्लोराम्फेनिकॉलमुळे माणसाच्या रक्तपेशी बनणं थांबल्याची उदाहरणं विरळ असली तरी आहेत. चौदाव्या दिवशी डाग उमटला नाही. त्यानंतर ३ दिवस मलम चालू ठेवून थांबवलं.

पिल्लाची गोष्ट वेगळी

"हीच ट्यूब आणखी कुणाला लावली का?" हा प्रश्न विचारला नसता तर पिल्लू राहून गेलं असतं. दुसऱ्या दिवशी ते दुरडीतून आलं. दोन्ही डोळे चिपडांनी बंद, नाक वाहतंय, शिंका. कोमट सलाइनने चिपडं भिजवून सोडवली. ओढून काढली तर कातडी सोलते. रंग टाकल्यावर डाव्या कॉर्नियावर झाडाच्या डहाळीसारख्या बारीक हिरव्या रेघा उमटल्या. डहाळीसारखा हा डाग म्हणजे मांजराच्या हर्पीस विषाणूची सहीच. स्टिरॉइड मिळालं की हा विषाणू वरच्या थरातून खोल उतरतो. नशिबाने मलम दोनच दिवस लावलं होतं.

हा विषाणू कुत्र्याला होत नाही, पण एकाच ट्यूबचं तोंड दोन डोळ्यांना टेकलं की जंतूंची ने-आण होतेच. आजोबांसाठीही ती ट्यूब त्याच दिवशी बाद झाली.

दिवसातून चारदा कोमट सलाइनने पुसणं, एरिथ्रोमायसिन ०.५ टक्के नेत्रमलम दर ६ तासांनी, आणि विषाणूवर फॅमसिक्लोव्हिर, किलोला ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ७०० ग्रॅमच्या पिल्लाला ६३ मिलिग्रॅम, म्हणजे माणसाच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळीचा जवळपास चौथा हिस्सा, मधात कालवून. अ‍ॅसायक्लोव्हिर ३ टक्के नेत्रमलमही वापरता येतं, पण ते दिवसातून ५ वेळा तरी घालावं लागतं. दोन-तीनदा घालून काही होत नाही. व्हॅलासायक्लोव्हिर मात्र मांजराच्या पोटात कधीच जाता कामा नये, ते जिवावर बेततं. निओमायसिन-पॉलिमिक्सिन-बॅसिट्रासिन हे कुत्र्यात सर्रास चालणारं मिश्रण मांजरात टाळलं. क्वचित, पण त्याने मांजर काही मिनिटांत ॲलर्जीच्या धक्क्याने दगावल्याच्या नोंदी आहेत.

नाक बंद झालेलं मांजर वास येत नाही म्हणून खात नाही. कांदा-लसूण-मीठ न घातलेलं कोमट मटणाचं पाणी बोटाला लावून चाटवलं. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर एक दिवसाआड घेतलं. खाली आलं असतं तर दवाखान्यात ठेवावं लागलं असतं. तीन आठवड्यांत डोळे उघडे, स्वच्छ. विषाणू अंगात राहतो, थंडीत किंवा ताण आला की डोळा पुन्हा गळेल, हे घरच्यांना सांगितलं.

एका डोळ्यापासून सुरुवात, पापणीची आतली त्वचा फुगून आलेली आणि शिंका फारशा नाहीत असं चित्र असतं तर क्लॅमिडिया हा जंतू धरून सगळ्याच मांजरांना डॉक्सिसायक्लिन किलोला १० मिलिग्रॅम, ४ आठवडे, असा वेगळा रस्ता धरावा लागला असता. मांजराला ही गोळी दिल्यावर मागून ५-६ मिली पाणी पाजावंच लागतं. अन्ननलिकेत अडकली तर तिथे भाजते.

मलम घालायचं कसं

निम्मं मलम पापणीच्या केसांवरच जातं, आणि मग "गुण आला नाही" म्हणतात. सालगड्याच्या मुलीला दवाखान्यात दाखवलेली पद्धत अशी. हात धुवायचे. सलाइनची १०० मिलीची बाटली औषधदुकानात मिळते. ती नसेल तर पाव लिटर पाणी ५ मिनिटं उकळून त्यात सपाट अर्धा चमचा मीठ, निवल्यावर वापरायचं आणि उरलेलं त्याच दिवशी टाकायचं. कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं, प्रत्येक डोळ्याला आणि प्रत्येक वेळी नवा बोळा. चिपडांवर मलम घातलं तर ते चिपडांनाच लागतं.

कुत्र्याच्या समोर उभं राहायचं नाही. त्याला आपल्या दोन गुडघ्यांत, तोंड पुढे करून बसवायचं. डाव्या हाताने हनुवटी वर उचलायची, त्याच हाताच्या अंगठ्याने खालची पापणी ओढली की गुलाबी खोबण उघडते. उजव्या हाताचा तळवा कुत्र्याच्या कपाळावर टेकवायचा. त्याने मान हलवली की हातही सोबत हलतो, ट्यूबचं तोंड डोळ्यात घुसत नाही. ट्यूब कपाळाकडून आणायची, म्हणजे त्याला येताना दिसत नाही. खोबणीत तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण अर्धा ते पाऊण सेंटीमीटर, मलमाची वळी सोडायची. तोंड डोळ्याला, केसांना टेकू द्यायचं नाही. पापणी मिटवून अर्धा मिनिट धरायची. चोळायचं नाही. पिल्लाला अर्धा दाणा पुरतो. त्याला टॉवेलमध्ये गळ्यापर्यंत गुंडाळून मांडीवर धरायचं.

ट्यूबवर उघडल्याची तारीख पेनने लिहायची, एक महिन्यानंतर टाकून द्यायची. मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये मलम वितळून तेल वेगळं होतं, औषध एका बाजूला बसतं, मग एका वेळी नुसतं तेल आणि दुसऱ्या वेळी घट्ट औषध येतं. कोरड्या स्टीलच्या डब्यात घालून माठाच्या सावलीत ठेवली तर टिकते. पिळल्यावर आधी पाणचट तेल आलं तर ती ट्यूब बाद.

डोळा उघडा आहे, काच स्वच्छ आहे, नुसतं थोडं पाणी किंवा चिपडं आहेत, तर एक-दोन दिवस सलाइनने पुसून वाट बघायला हरकत नाही. डोळा मिटलेला असेल, काचेवर निळी-पांढरी झाक असेल, बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील, डोळा सुजून पुढे आला असेल, किंवा जात्याच चपट्या नाकाचा कुत्रा असेल, तर त्याच दिवशी दवाखाना, आणि तोपर्यंत सलाइनशिवाय काहीही नाही. पाच-सात दिवसांत न भरलेली जखम साधी नसते. ट्यूब बदलायची नाही, कारण पुन्हा शोधायचं.

महिन्याने पाहिलं तेव्हा वाघ्याच्या उजव्या काचेवर नाकाकडे ज्वारीच्या दाण्याएवढं राखाडी फूल राहिलं होतं, मधली नजर मोकळी होती. फूल विरळ करायला थेंब देतात का, असं घरच्यांनी विचारलं. ते थेंब स्टिरॉइडचेच असतात आणि दिसण्याला अडथळा नसल्याने दिले नाहीत. काढणी संपेपर्यंत दुपारच्या वेळी त्याला बांधून ठेवायचं आणि रोज संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात दोन्ही पापण्या ओढून बघायच्या, एवढंच ठरलं. भिंतीवरच्या कोळशाच्या चौकटींखाली त्या मुलीने त्यासाठी नवीन ओळ आखली आहे.